काकवीत आडवी

१

"भूकंप झाला तर सांगली पडंल, पण ही गाडी पडायची न्हाई!"

असं म्हणून नईम मुल्लाणीनं अख्ख्या गल्लीसमोर गाडीच्या सीटवर थाप मारली. हँडलला बांधलेलं लिंबू हाललं. गाडी हालली नाही.

गाडी कीर्ती चौगुलेची. आत्ताआत्तापर्यंत ती मातीत उड्या मारणारी डर्ट बाइक होती. पुढचं चाक एवढं उंच, की कुंडलच्या शेतातल्या उसाच्या सऱ्या ती पायऱ्या उतरल्यासारखी उतरायची. नईमनं ती उंच चाकं काढली आणि दुसरीच बसवली. दोन्ही सतरा इंची, बुटकी, रुंद टायरांची. असल्या गाडीला सुपरमोटो म्हणतात. अर्धी डांबरावर पळते, अर्धी मातीत. रविवारी साताऱ्याजवळ तसल्याच गाड्यांची शर्यत होती आणि कीर्तीनं त्यात नाव दिलं होतं.

चाकं बाहेरनं विकत घेतलेली, दुसऱ्याच कंपनीची. त्यामुळं काहीच कशात बसत नव्हतं. नईमनं चाकाच्या दोन्ही बाजूंना लागणाऱ्या नळ्या लेथवर करून घेतल्या, चेन एका रेषेत आणली, ब्रेकची मोठी डिस्क लावली, आणि हे सगळं करताना चाक बनवणाऱ्या कंपनीच्या चार पिढ्यांचा उद्धार केला. मग ट्रायल मारली आणि किल्ली कीर्तीच्या हातात दिली.

कीर्ती गॅरेजमधनं थेट घरी आली. दारात आई, प्रियदर्शनी, आरतीचं ताट घेऊन उभीच होती. नवी वस्तू जमिनीला टेकवायची कशी? तिनं पोर्चमध्ये शहाबादी फरशीवर दोन पाट मांडले होते. एक पुढच्या चाकाला, एक मागच्या. पाटांवर ओल्या हळदीचं स्वस्तिक. गाडी वर चढवली, साइड स्टँड लावला, नारळ फुटला, हँडलला लिंबू बांधलं, पेढे वाटले, आणि मागोमाग आलेल्या नईमनं ती थाप मारली.

कीर्तीचे वडील मदनआण्णा, हळदीचे व्यापारी, लांब उभे राहून हे बघत होते. त्यांना गाडी पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होती.

"ऐक गं," ते ओरडले. "ही गाडी एकदा जरी पडलेली दिसली, तर त्याच दिवशी इकणार. शर्यत न्हाई आन् बिर्यत न्हाई."

"पडली तर इका की!" कीर्तीनं पण आवाज चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पडली होती.

नुसती पडली असती तर झाकता आलं असतं. शेजारच्या बाळासोंनी, जागा नाही म्हणून, आपले काकवीचे डबे चौगुल्यांच्या पोर्चमध्ये ठेवले होते. गाडी त्यांच्यावर पडली. हँडलनं डबा फोडला. गॅरेजातनं आलेली नवीकोरी सुपरमोटो काकवीत आडवी झाली होती आणि गल्लीतल्या सगळ्या मुंग्यांना निरोप पोचला होता.

२

"माझी काकवी!" बाळासो कुंपणापलीकडनं ओरडत आले. ते गुळाचे व्यापारी. वजन, आवाज आणि राग, तिन्ही घाऊक.

"इकायची!" आण्णा ओरडले. अंगात बनियन, खाली लुंगी, हातात जपमाळ तशीच. "आत्ताच्या आत्ता गिऱ्हाइक बोलवा!"

"आण्णा, ढकलली कुणीतरी!" कीर्ती काकवीत उभी राहून किंचाळत होती. "स्टँड डाव्या अंगाला हाय. आपोआप पडली असती तर डावीकडं पडली असती. ही उजवीकडं पडलीय. डावीकडनं धक्का दिल्याबिगर उजवीकडं पडंल का?"

ह्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

तेवढ्यात आतनं चहाची कपबशी घेऊन चंदनबाला आली. आण्णांची थोरली बहीण. साताऱ्याला राहते, वर्षाची हळद न्यायला आली होती. सगळी हयात तिनं एस.टी.त तिकीट तपासण्यात घालवली. ती गाडीत चढली की ज्यांच्याकडं तिकीट होतं ते पण खिसे चाचपायचे. रिटायर झाली तरी राग कामावरच होता.

"गप!" ती म्हणाली. मुंग्या सोडून सगळे गप झाले.

"मदन्या, गाडी पडली तर इकायची म्हणालास. पाडली तर काय करायचं?"

"म्हंजे?"

"दुसऱ्यानं पाडली आसंल तर पोरीची गाडी कशापायी इकायची?"

आण्णांचा राग मोठा होता, पण विचार करून वापरायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी माळ उंच धरली. "ज्यानं पाडली आसंल, त्याची गाडी इकीन! बाळासोची काकवी त्याच्याकडनं भरून घीन! मग तो कुणी का आसंना!"

"समद्यांनी ऐकलं," आत्या म्हणाली. "संध्याकाळपर्यंत वेळ दे."

"मी साक्षीला हाय," असं म्हणून बाळासो जोरात शिंकले. हळदीच्या व्यापाऱ्याशेजारी राहिल्यापासून ते दिवसभर शिंकतात.

गाडी उचलली. धुवायला नईमकडं पाठवली. प्रियदर्शनी फडकं घेऊन फरशी पुसायला वाकली तशी आत्या ओरडली, "हात लावू नगंस!"

काकवी पातळ झाली होती तिथं शहाबादी फरशीवर एक पांढरी रेघ दिसत होती. हातभर लांब, ताजी. पडताना गाडीनं ओढली असती तर ती उजवीकडं गेली असती. ही रेघ सरळ पाठीमागं गेली होती.

"गाडी ढकलली न्हाई," आत्या पुटपुटली. "वढलीय."

३

आत्या कीर्तीला घेऊन पोचली तेव्हा नईमच्या गॅरेजमध्ये गाडीवर पाण्याचा पाइप चालू होता आणि नईमच्या तोंडाचा पण.

"चाकं माझी बरोबर हायत, आत्या! बेरिंग बगा, चेन बगा! माणसं गाड्या पाडत्यात आन् नाव नईमचं!"

"मी चाकांचं इचारलंच न्हाई," आत्या म्हणाली. "कुठनं बसला, कुठं उतरणार?"

तिची चौकशीची रीत हीच. एस.टी.त तिनं हजारो माणसांना हाच प्रश्न विचारला होता. खरं बोलणारा दोन गावांची नावं सांगतो. खोटं बोलणारा आधी घरची गोष्ट सांगतो.

"आवं, काल सकाळी घरात माणसं बोलावली हुती, आमच्या नूरीनला बघायला पावणं..."

"घरचं नगं. गाडीचं बोल. हितनं निघून कीर्तीच्या हातात जाईपर्यंत गाडी कुठं कुठं उभी हुती?"

"हितं लाकडी खोक्यावर. चाकं अधांतरी."

"मग?"

"मग ट्रायल मारली. चहाच्या गाड्यापर्यंत."

"तिथं स्टँडवर लावली?"

नईमनं पाइप बंद केला. मग परत चालू केला. "भितीला टेकवली."

"चांगला स्टँड असताना?"

"सवय हाय मला, आत्या! भित दिसली की टेकवतो! आता काय भितीचं पण तिकीट काढू?"

कोपऱ्यात जुनं पुढचं चाक भिंतीला लावून ठेवलं होतं. आत्या त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. मग गाडीजवळ येऊन नव्या चाकाशेजारी उभी राहिली. मग परत जुन्याजवळ. कीर्तीला वाटलं, आत्याचं डोकं फिरलं.

"चाक बुटकं झालं म्हंजे गाडी खाली आली," आत्या म्हणाली.

"व्हय. समदी गाडी खाली येती. वळणाला बरं पडतं."

"समदी?"

नईम गाडीचं मडगार्ड पुसायला लागला. ते आधीच पुसून झालं होतं.

"तुझा वेल्डर कुठं हाय रं?"

"शिराळ्याला. नागपंचमीला गेलाय, अजून आला न्हाई." आणि मग नईमच्या लक्षात आलं, की वेल्डरचं कुणी का विचारावं. त्याचा चेहरा काकवीसारखा झाला.

"चल गं," आत्या कीर्तीला म्हणाली. "ह्याच्याकडं अर्धं तिकीट हाय. उरलेलं अर्धं घरात हाय."

४

बाळासो दुकानाच्या पायरीवरच सापडले.

"मी कशाला पाडीन? माझ्याच काकवीवर? माझं डोकं फिरलंय?"

"गाडीचा आवाज तुमाला सोसत न्हाई," कीर्ती म्हणाली. "काल म्हणाला हुता, ह्या पोरीच्या सायलेन्सरमध्ये गूळ भरतो म्हणून!"

"भरला का? न्हाई न्हवं? बोललो आन् सोडून दिलं. माणसानं बोलायचं पण न्हाई का आता?" बाळासो शिंकले. "सकाळी मी दात घासत हुतो. धाडकन आवाज आला. बघतो तर पोर्चमध्ये माणूस न्हाई न् काणूस न्हाई. गाडी आपली पडलेली."

"आवाजाच्या आधी काय दिसलं?" आत्यानं विचारलं.

"गाडी दिसली. उभी हुती. लय ताठ उभी हुती, शाळेत शिक्षा झाल्यागत."

"आन् तुमी काय करत हुता?"

"सांगितलं की, दात घासत हुतो. दात घासले, चूळ भरली, शिंकलो, आन् गाडी पडली."

आत्या थांबली. "शिंकला?"

"मग? त्याचा पण दंड हाय का?" बाळासो उसळले. "शिंकंनं गाडी पडत्यात व्हय? मग माझ्यामुळं सांगलीत एक गाडी उभी राहिली नसती!"

ते खरं होतं. कीर्ती वैतागली. धक्का द्यायला माणूस नाही, आणि तरी गाडी उजवीकडं पडली. संध्याकाळ जवळ येत होती. आण्णांनी गिऱ्हाइकाला फोन करून ठेवला होता. निकाल काहीही लागो, एक गाडी तर विकायचीच होती. कीर्तीला शर्यतीचा रस्ता डोळ्यांसमोर दिसत होता आणि त्यावर ती नव्हती.

"आत्या, तू नुसती माणसांना तिकिटं इचारत फिरतीयास! माझी गाडी जाणार!"

"पाय धू आधी. काकवी लागलीय," आत्या म्हणाली.

दोघी घरामागं नळावर गेल्या. तिथं दोरीवर आण्णांचं पूजेचं पांढरं धोतर वाळत घातलं होतं. सकाळी देवळात अभिषेकाला नेसायचं ते. पावसाळी हवेत अजून ओलं, बुळबुळीत, साबण निथळत होता.

आणि बसायच्या जागेवर, बरोबर मधे, तळहाताएवढा लालभडक डाग होता.

"रक्त!" कीर्ती किंचाळली.

५

"रक्त न्हाई," आत्या म्हणाली. तिनं धोतर हुंगलं. मग आत ओरडली, "प्रियदर्शनी! हे धोतर कुणी धुतलं?"

प्रियदर्शनी लाटणं घेऊनच बाहेर आली. "ह्यांनी, वन्सं. सकाळी सकाळी, स्वतःच. लग्न झाल्यापासनं ह्यांनी रुमाल सुद्धा पाण्यात घातलेला न्हाई. मला वाटलं, ताप-बीप आला का काय."

"आन् कालचे पाट कुठं हायत?"

"पाट?" प्रियदर्शनी म्हणाली. "कीर्तीनं उचलले न्हवं?"

"मी? मला वाटलं, आई, तू आत नेलेस! सकाळी गाडीखाली पाट नव्हतेच!"

"मी कशाला नेऊ? गाडी मला उचलती का?"

मायलेकी एकमेकींवर ओरडायला लागल्या. प्रत्येक घरात हे असंच असतं. पूजा झाल्यावर पाट जाग्यावर जातात आणि ते कोण नेतं हे कुणीच विचारत नाही. आत्या मात्र शांत होती, आणि ती शांत झाली की बसमधली माणसं खिडकीतनं उड्या मारायची.

ती सरळ देवघरात गेली. आण्णांची जपाची जागा. गुडघे दुखतात म्हणून ते खाली बसत नाहीत. तिथं दोन पाट होते. एक बसायला, एक समोर माळ ठेवायला. दोन्हींवर टायरचा काळा पट्टा. एकावरचं हळदीचं स्वस्तिक पुसलेलं, पार फिसकटलेलं, जसं त्यावर कुणीतरी भरपूर वजनाचं माणूस बराच वेळ बसलं असावं.

"समद्यांना बोलव," आत्या म्हणाली. "नईमला सांग, गाडी घेऊन ये. आन् हँडलचं लिंबू काढू नगंस म्हणावं."

६

पोर्चमध्ये सगळे जमले. आण्णा, बाळासो, नईम, मायलेकी, आणि गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाइक. ते आपलं कोपऱ्यात आण्णांच्या जुन्या स्कूटरला टेकून उभं होतं. त्या स्कूटरवर आण्णांचा फार जीव. रोज स्वतः पुसायचे.

आत्यानं धोतर पसरलं.

"मदन्या, हा डाग कसला?"

"कुंकू," आण्णा म्हणाले. "देवळात लागलं आसंल."

"बसायच्या जागी?"

आण्णा भडकले. "आक्का, तू माझ्या धोतराची चौकशी करणार आता? हितं भानगड गाडीची हाय का धोतराची?"

आत्यानं गाडीचं लिंबू सोडलं, कापलं, डागावर पिळलं. लाल डाग बघता बघता पिवळा झाला.

"हळद!" कीर्ती आणि बाळासो एकदम म्हणाले. बाळासो शिंकले सुद्धा.

"हळदीला साबण लागला की ती लाल हुती, आंबट लागलं की परत पिवळी. स्वयंपाक करणाऱ्या समद्या बायकांना ठावं हाय. तुझा जन्म गेला हळद इकण्यात आन् तुला एवढं ठावं न्हाई? स्वतः कवा कापडं धुतली असतीस तर कळलं असतं की!" आत्याचा राग आता पूर्ण गियरमध्ये होता. "ही हळद पाटावरची. म्हंजे हे धोतर त्या पाटावर बसलं, स्वस्तिक पावसाळी हवेत अजून ओलसर असताना. पाट गाडीखालनं काढल्याबिगर कुणी त्यावर बसंल का? बोल!"

आण्णा लाल झाले. लिंबू पिळून उपयोग नव्हता.

"माझ्या लग्नातले पाट हायत ते!" ते फुटले. "देवळातनं आलो, जपाला बसायचं, तर पाट न्हाईत! बघतो तर काय, वर टायर! माझ्या पाटांवर टायर! मी मागनं धरली आन् घेतली खाली वढून! स्टँडवर लावलेलीच हुती की! खाली पण उभी राहिली, चांगली ताठ उभी राहिली! मी पाडली न्हाई!"

"ती वढलेली रेघ फरशीवर हाय," आत्या म्हणाली. "स्टँड घासत गेला त्याची. आन् ताठ उभी राहिली म्हणूनच पडली. नईम, आता तुझं अर्धं तिकीट काढ."

नईमनं मान खाली घातली. "गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला. आखूड करायचा हुता. ट्रायलला बघितलं, लयच सरळ उभी राहायला लागली, म्हणून भितीला टेकवली. वेल्डर शिराळ्याला. म्हटलं, आला की कापू. घरी गेली तवा पाटांवर चढली. पाटांनी चाकं उंच केली, मग स्टँड बरोबर बसला, झुकली नीट. मला वाटलं, निभलं."

"लांब स्टँड म्हंजे गाडी डावीकडं झुकतच न्हाई," आत्या कीर्तीला म्हणाली. "तुझं गणित जुन्या चाकांचं हुतं. आता बघ."

तिनं गाडी सपाट फरशीवर घेतली, स्टँड लावला, हात काढला. गाडी ताठ उभी राहिली. शाळेत शिक्षा झाल्यागत.

"बाळासो, शिंका."

"आवं, सांगून कशी येईल?"

प्रियदर्शनीनं हळदीचा डबा उघडून त्यांच्या नाकासमोर धरला. बाळासो शिंकले. गाडी हलली, विचार केला, आणि उजवीकडं निघाली. कीर्ती आणि नईमनं ती वरच्यावर धरली.

आण्णांनी आधी गाडीकडं बघितलं, मग बाळासोंकडं.

"म्हंजे गाडी बाळासोनं पाडली," आण्णा हळूच म्हणाले.

"मदन्या!"

आण्णांची मान खाली गेली.

७

आण्णा अख्ख्या गल्लीसमोर बोलले होते: ज्यानं पाडली त्याची गाडी विकीन. साक्षीला बाळासो होते, आणि त्यांची काकवी गेली होती. ते साक्ष विसरणाऱ्यातले नव्हते.

"कीर्तीची गाडी राहणार," आत्यानं निकाल दिला. "रविवारी साताऱ्याला मी स्वतः बघायला उभी राहणार हाय. मदन्या, स्कूटर."

"आक्का..."

"तिकीट न्हाई तर खाली उतर."

आण्णांनी स्कूटरची किल्ली काढून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली. ठेवताना दोनदा परत घेतली. मग रागानं कीर्तीकडं बघितलं. "आता ती शर्यत जिंकायची! न्हाई जिंकलीस तर घरात घेणार न्हाई! माझी स्कूटर गेलीय त्यात!"

"जिंकतो की!" कीर्ती तेवढ्याच जोरात ओरडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं.

नईमला आता धीर निघेना. वेल्डरची वाट न बघता, आपली चूक आपणच सुधारायची म्हणून त्यानं तिथंच ग्राइंडर लावला. स्टँड कापला, तळाला गॅरेजातनं आणलेली चकती ठोकली.

"आता बगा, आण्णा," तो छाती काढून म्हणाला. "शिंका, नाचा, काय पण करा. उजवीकडं पडली तर नाव सांगणार न्हाई."

त्यानं गाडी स्टँडवर लावली आणि हात काढला.

गाडी उजवीकडं पडली नाही. दोन बोटं कापायचं तिथं त्यानं चार बोटं कापलं होतं. गाडी डावीकडं पडली. डावीकडं स्कूटर होती. गिऱ्हाइकानं किल्ली परत दिली आणि ते चालत घरी गेलं.